समर सायन्स प्रोग्रॅम : एक लघुग्रह, तिघांचा गट आणि 39 दिवस

समर सायन्स प्रोग्रॅम या अमेरिकेतल्या उन्हाळी निवासी उपक्रमाच्या खगोलभौतिकी शाखेत मुलांना एकच मोठं काम दिलं जातं. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारा एक लघुग्रह घ्यायचा, दुर्बिणीतून त्याच्या प्रतिमा मिळवायच्या, त्या प्रतिमांवरून त्याची आकाशातली जागा मोजायची आणि या मोजमापांतून त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढायची. कक्षा काढणारा संगणक-प्रोग्रॅम प्रत्येक मुलाने स्वतः लिहायचा. वेळ 39 दिवसांचा, गट तिघांचा, एका कॅम्पसवर 36 मुलं. अमेरिकेत अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळ्यात भरणाऱ्या निवासी उपक्रमांचा सुळसुळाट आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी व्याख्यानं, एक पोस्टर आणि प्रमाणपत्र एवढ्यावर काम आटोपतं. या उपक्रमाचा दर्जा वेगळा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते त्या कामाच्या तपशिलातच दिसतं, म्हणून परीक्षणाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोव्हिएत स्पुटनिक उपग्रहानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची जी धावपळ सुरू झाली, तिच्यातून 1959 साली कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथल्या थॅचर स्कूलमध्ये हा उपक्रम उभा राहिला. तेव्हा मुलं काचेच्या फोटोप्लेटवर आकाश टिपायची, मापनयंत्राखाली प्लेट धरून अंतरं मोजायची आणि यांत्रिक कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करायची. आता प्लेटच्या जागी थंड केलेला सीसीडी (डिजिटल) कॅमेरा आहे आणि कॅल्क्युलेटरच्या जागी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. काम मात्र तेच ठेवलं आहे, आणि हा निर्णय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. संस्था ना-नफा आहे आणि ती टिकवण्यात माजी विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. क्वालकॉमचे एक संस्थापक फ्रँकलिन अँटोनिओ इथलेच. 2022 साली त्यांचं निधन झालं आणि त्यांनी मृत्युपत्रातून या उपक्रमाला सुमारे 20 कोटी डॉलर दिले. आज खगोलभौतिकीशिवाय जीवरसायन, जिवाणूंचं जीनोमिक्स असे विषयही आहेत. इथे फक्त खगोलभौतिकीबद्दल लिहीत आहोत.

पहिला आठवडा जवळजवळ पूर्ण वर्गात जातो. सदिश, गोलीय त्रिकोणमिती, विषुवांश आणि क्रांती (म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश), केप्लरचे नियम, कॅल्क्युलसची ओळख आणि पायथन, सगळं एकदम अंगावर येतं. सकाळी व्याख्यानं, दुपारी पुन्हा वर्ग किंवा प्रयोगशाळा, संध्याकाळी गृहपाठाची उदाहरणं. उदाहरणं एकत्र बसून सोडवायला पूर्ण मुभा आहे. परीक्षा नाही, गुण नाहीत, क्रमांक नाही. वर्गात पहिला येण्याची सवय असलेल्या मुलांना हे दोन-चार दिवस चमत्कारिक वाटतं, मग तीच मुलं रात्री अकरा वाजता फळ्यासमोर दुसऱ्याची चूक शोधताना दिसतात.

निरीक्षणाची तयारी लघुग्रहाच्या निवडीपासून सुरू होते. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन प्रणालीतून त्याची रोजची अपेक्षित जागा काढायची. तिथे आपल्या वेधशाळेचा कोड नीट टाकावा लागतो. पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेली जागा वापरली, तर जवळच्या लघुग्रहाच्या बाबतीत पॅरॅलॅक्समुळे, म्हणजे बघण्याची जागा बदलल्यामुळे, काही विकलांचा फरक सहज पडतो (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). लघुग्रह क्षितिजापासून किमान 30 अंश वर हवा, चंद्रापासून लांब हवा आणि दुर्बिणीच्या आवाक्यातल्या तेजस्वितेचा हवा. जून-जुलैच्या रात्री लहान असतात. कोलोराडोतल्या बोल्डर कॅम्पसला जूनअखेरीस पुरता अंधार व्हायला रात्रीचे साडेदहा वाजतात आणि पहाटे साडेतीनला आकाश उजळायला लागतं. म्हणजे सगळ्या गटांना मिळून जेमतेम पाच तास. त्यात दुर्बीण फोकस करणं आलं, चुकीच्या ताऱ्यावर गेलेली दुर्बीण परत आणणं आलं.

एक्सपोजर किती द्यायचं, हा पहिला खरा निर्णय. लघुग्रह मिनिटाला 2 विकला सरकत असेल आणि तुम्ही दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलंत, तर प्रतिमेत 4 विकलांची रेघ उमटते आणि तिचा मध्य नेमका कुठे, हा वाद सुरू होतो. अर्धा मिनिटच दिलं, तर अंधुक लघुग्रह पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतो. म्हणून सहसा छोट्या एक्सपोजरच्या अनेक प्रतिमा घेऊन मागून त्या जुळवून एकत्र करतात. शिवाय डार्क (कॅमेरा झाकून घेतलेल्या प्रतिमा) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पार्श्वभूमीच्या प्रतिमा) हवेत. फ्लॅट सहसा संधिप्रकाशात काढले जातात आणि ती वेळ हमखास जेवणानंतरच्या गप्पांत निघून जाते. त्या रात्री फ्लॅट नसले, की सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग तुमच्या मोजमापात मुक्काम ठोकतात.

मग मोजमाप. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमा आलटूनपालटून दाखवल्या, की तारे जागच्या जागी राहतात आणि एक ठिपका सरकतो. तो आपला. त्याचा तेजाच्या हिशेबाने काढलेला मध्यबिंदू पिक्सेलच्या अंशापर्यंत लागतो. आता पिक्सेलवरून आकाशातल्या कोनांकडे जायचं. त्यासाठी त्याच प्रतिमेतले दहा-बारा ओळखीचे तारे निवडून त्यांचे विषुवांश आणि क्रांती तारासूचीतून घ्यायचे आणि लीस्ट स्क्वेअर्सने (एकूण त्रुटी कमीत कमी ठेवणाऱ्या रीतीने) सहा स्थिरांक बसवायचे, तीन विषुवांशासाठी आणि तीन क्रांतीसाठी. तीन ताऱ्यांवरही गणित सुटतं, पण मग एखादा तारा चुकीचा ओळखला असेल तर ते कळायला काहीच मार्ग उरत नाही. दहा तारे असले, की चुकलेल्या ताऱ्याची त्रुटी इतरांच्या कितीतरी पट येते आणि तो लगेच उघडा पडतो. तारे लघुग्रहाच्या सगळ्या बाजूंना पसरलेले घ्यावेत. एकाच कोपऱ्यातले घेतले, तर दुसऱ्या बाजूला हिशेब डळमळतो. लघुग्रह 0.3 खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक) अंतरावर असेल, तर इथली एका विकलेची चूक म्हणजे तिकडे सुमारे 220 किलोमीटर.

यानंतर येते गाऊसची पद्धत, आणि अभ्यासक्रमातला हाच सर्वांत देखणा भाग आहे. 1 जानेवारी 1801 रोजी खगोलज्ञ पियाझ्झीला इटलीतल्या पालेर्मोहून सेरेस हा नवा लघुग्रह दिसला आणि फेब्रुवारीत तो हातचा गेला. 24 वर्षांच्या गणिती गाऊसने मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षाअखेर सेरेस त्याने सांगितलेल्या भागात पुन्हा सापडला. मुलं तीच अडचण सोडवतात. आपल्याला लघुग्रहाची दिशा माहीत आहे, अंतर माहीत नाही. तीन वेगवेगळ्या रात्रींच्या दिशा, पृथ्वीपासून सूर्याचा सदिश आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम एवढ्यावरून अंतर काढायचं. मधल्या निरीक्षणाच्या वेळी लघुग्रह सूर्यापासून किती लांब होता, यासाठी आठव्या घाताचं समीकरण येतं. त्याची आठ उत्तरं संगणक मुकाट्याने देतो. त्यांतली वास्तव आणि धन असतील तेवढी ठेवायची. कधी एक उरतं, कधी तीन. प्रत्येकावरून पृथ्वीपासूनचं अंतर काढून बघायचं. ते ऋण आलं, तर ते उत्तर बाद. मग आवर्तनं सुरू, म्हणजे आलेलं उत्तर घेऊन तेच गणित पुन्हा पुन्हा सुधारायचं. प्रत्येक फेरीत प्रकाशाला लागलेला वेळ वजा करायचा. एका खगोलीय एककाला 499 सेकंद, म्हणजे 0.3 एककाला 150 सेकंद. लघुग्रह सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात तो 4,500 किलोमीटर पुढे गेलेला असतो. ही दुरुस्ती विसरलेला प्रोग्रॅम चालतो, उत्तर देतो आणि ते उत्तर दिसायला बरोबर वाटतं. शेवटी स्थान आणि वेग यांवरून कक्षेचे सहा घटक: अर्धदीर्घ अक्ष (कक्षेचा आकार), विमध्यता (ती किती लांबट), कल (पृथ्वीच्या कक्षेशी तिचा कोन), पाताचं स्थान (ती पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल छेदते ती जागा), उपसूर्य बिंदूचं स्थान (सूर्याच्या सर्वांत जवळची जागा) आणि त्या क्षणी लघुग्रह कक्षेत कुठे आहे ते.

चुका कुठे होतात, हे पाल्याला पाठवणाऱ्यांनीही वाचावं, कारण फोनवर रडवेला आवाज येतो तो बहुधा इथूनच. सर्वांत फसवी चूक एका चिन्हाची. समजा क्रांती उणे 0 अंश 12 कला 30 विकला आहे. मुलाने अंश, कला, विकला वेगळे वाचले आणि "अंश ऋण असतील तर सगळं ऋण कर" असं लिहिलं. पण उणे शून्य संगणकासाठी शून्यापेक्षा लहान नसतं. उणे गळून पडतं, आणि उणे 0.2083 ऐवजी अधिक 0.2083 अंश पुढे जातो. फरक 25 कलांचा, जवळपास पूर्ण चंद्राच्या रुंदीइतका. शिक्षकांनी दिलेल्या सरावाच्या आकड्यांवर हाच प्रोग्रॅम बिनचूक चाललेला असतो, कारण तिथे क्रांती उणे 12 अंश होती. उपाय सोपा आहे: चिन्ह मजकुरातून वेगळं वाचून ठेवायचं.

दुसरी चूक वेळेची. फाइलमध्ये नोंदलेली वेळ बहुधा एक्सपोजर सुरू झाल्याची असते, गणितात मात्र मधली वेळ लागते. संगणकाचं घड्याळ 10 सेकंद मागे असलं, तर मिनिटाला 2 विकला सरकणाऱ्या लघुग्रहाची जागा विकलेच्या तिसऱ्या हिश्शाने चुकते. आणि तारीख. न्यू मेक्सिकोत 20 जुलैच्या रात्री दहाला घेतलेली प्रतिमा जागतिक वेळेनुसार 21 जुलैच्या पहाटे चारची असते. तिसरी चूक सूर्याच्या सदिशाची. पृथ्वीकडून सूर्याकडे हवा असताना उलटा घेतला, किंवा विषुववृत्ताच्या अक्षांऐवजी क्रांतिवृत्ताच्या (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या) अक्षांत उतरवून घेतला, की कक्षा भलतीच येते. दोन अक्षांमधला कोन 23.44 अंशांचा आहे, त्यामुळे कलाचा आकडा संशयास्पद वाटला, की आधी इथे बघावं. व्यस्त टँजंट घेताना कोनाचं चरण (चारपैकी कुठला चतुर्थांश) हरवणं, अंश आणि रेडियन यांची सरमिसळ, प्रतिमेतल्या ओळी एक सॉफ्टवेअर एकपासून आणि पायथन शून्यापासून मोजतं हे विसरणं, ही नेहमीची मंडळी आहेतच.

निरीक्षणांमधलं अंतरही कळीचं. तिन्ही रात्री चार दिवसांत उरकल्या, तर कक्षेचा इतका छोटा तुकडा हाती येतो, की मोजमापातली बारीक चूक विमध्यतेत मोठी होऊन बाहेर पडते. फार लांब ठेवल्या, तर सुरुवातीचं अंदाजी सूत्र टिकत नाही आणि आवर्तनं भरकटतात. एकेका आठवड्याच्या आसपासचं अंतर बरं पडतं, बाकी ढगांच्या मर्जीवर. म्हणून गटाने तीनच निरीक्षणांवर न थांबता मिळेल ती प्रत्येक रात्र वापरावी. जास्तीच्या निरीक्षणांनी कक्षा तपासता येते, सुधारता येते. मोजमापं लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवली जातात आणि कक्षा पुढे लाखो वर्षं चालवून लघुग्रहाचं काय होईल हेही पाहिलं जातं: कुणी सूर्यात पडतो, कुणी सूर्यमालेबाहेर फेकला जातो. अहवालात प्रत्येक घटकापुढे अनिश्चितता लिहावी लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने "माझं उत्तर एवढं, आणि ते एवढ्याने चुकीचं असू शकतं" हे स्वतःच्या आकड्यांवरून लिहिणं, हीच या उपक्रमाची खरी कमाई आहे. शाळेतल्या प्रयोगवहीत उत्तर आधी ठाऊक असतं. इथे होरायझन्सवर ते सापडतं खरं, पण आपलं त्याच्याशी का जुळत नाही याचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं.

आता उणिवा. झोप फार कमी मिळते. रात्री दोनपर्यंत दुर्बिणीवर आणि सकाळी पुन्हा वर्गात, हे वेळापत्रक आम्हाला पटत नाही. निरीक्षणाच्या रात्रीनंतरचा वर्ग उशिरा ठेवायला काही हरकत नसावी. दुसरं म्हणजे मुलांच्या पूर्वतयारीतली दरी. अर्जासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची सक्ती नाही, पण ज्याने कधी लूपही लिहिलेला नाही तो पहिले दहा दिवस धापा टाकतो. मदत भरपूर मिळते, तरी शेजारचा मुलगा चौथ्या उदाहरणावर असताना आपण पहिल्यावर, ही बोच राहतेच. तिसरं, हवामान. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोला हा उपक्रम बरीच वर्षं भरला; तिथलं आकाश काळंभोर आणि कोरडं, पण जुलैत तिथेही मान्सून येतो आणि दुपारनंतर ढग जमतात. बोल्डर आणि नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल शहरी ठिकाणं, त्यामुळे दिव्यांचा उजेड आहे. चॅपल हिलला दमट हवा आणि ढगही. निव्वळ आकाश बघायचं, तर न्यू मेक्सिको टेकचं सोकोरो सरस होतं. गाव अगदी लहान आहे, पण व्हेरी लार्ज अ‍ॅरेच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणी तिथून दीड तासाच्या आतच आहेत.

शुल्क गेल्या काही वर्षांत आठ ते दहा हजार डॉलरांच्या घरात राहिलं आहे, राहणं-जेवण धरून. चालू वर्षाचा आकडा अर्ज भरताना पाहून घ्यावा. आर्थिक मदत कुटुंबाच्या गरजेनुसार मिळते आणि ती पूर्ण शुल्काइतकीही असू शकते. प्रवेश आणि मदत यांचे निर्णय वेगळे होतात, त्यामुळे पैशांच्या भीतीने अर्जच न करणं ही सर्वांत महागडी चूक. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांत "याने कॉलेजला फायदा होतो का" हा प्रश्न पहिला येतो. होत असेलही, पण केवळ त्यासाठी आलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात, प्रोग्रॅम चालत नसताना, ढेपाळतं. ज्याला न जुळणाऱ्या आकड्यामागे तासभर बसण्यात रस आहे, त्यालाच पाठवा.

अर्ज हिवाळ्यात भरायचे असतात. शाळेची गुणपत्रिका, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि निबंध लागतात. बाहेरदेशच्या मुलांसाठी मुदत आधी संपते. शिफारस गणित किंवा विज्ञानाच्या अशा शिक्षकांकडून घ्यावी, ज्यांनी मुलाला अडलेलं पाहिलं आहे. "हुशार, नम्र, मेहनती" या तीन शब्दांच्या पत्राचा उपयोग नसतो. निबंधात पदकांची यादी देण्यापेक्षा सुटायला वेळ लागलेला एक प्रश्न नीट लिहावा.

पुण्या-मुंबईतल्या मुलांना एवढा खर्च आणि प्रवास झेपणारा नसेल, तर जवळचे रस्ते आहेत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात खगोल ऑलिम्पियाडचं निवड-शिबिर उन्हाळ्यात भरतं. तिथली सैद्धांतिक उदाहरणं समर सायन्सपेक्षा कठीणच असतात, पण तिथे पोहोचायला परीक्षांच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि शेवटी निवड, म्हणजे स्पर्धा आहेच. पुण्यातली आयुका ही खगोलसंशोधन संस्था शाळकरी मुलांना एप्रिल-मेमध्ये आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत काम करायला बोलावते. तो अनुभव छान आहे, पण मुलं लहान, आणि एका आठवड्यात कक्षा निघत नाही. आपल्याकडे असा उपक्रम जून-जुलैत होणंही शक्य नाही, पावसाळ्यात जुन्नरजवळच्या गिरावलीची दुर्बीणसुद्धा बंद असते. पण एप्रिल-मेच्या सुट्टीत सह्याद्रीवरचं आकाश बऱ्यापैकी मोकळं असतं, आणि असा सहा आठवड्यांचा उपक्रम मराठी मुलांसाठी इथे उभा राहावा अशी आमची मनापासून इच्छा आहे.

तोवर घरबसल्या करता येण्यासारखं पुष्कळ आहे. आंतरराष्ट्रीय खगोल शोध सहयोगाच्या लघुग्रह-शोध मोहिमा विनामूल्य असतात. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा मिळतात आणि अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये सरकणारा ठिपका शोधून नोंद पाठवायची असते. कक्षेचं गणित त्यात नाही. ते स्वतः करून बघायचं, तर होरायझन्समधून एखाद्या लघुग्रहाचे आठवड्याच्या अंतराने तीन दिवसांचे विषुवांश-क्रांती आणि त्याच वेळांचा पृथ्वीपासून सूर्याचा सदिश घ्या, गाऊसची पद्धत पायथनमध्ये लिहा आणि आलेले सहा घटक तिथल्याच सहा घटकांशी ताडून बघा. अकरावीचं गणित झालेल्या मुलाला सुट्टीतले दोन-तीन आठवडे लागतील. पहिला लघुग्रह उणे शून्य अंश क्रांतीचा निवडा.